सावंतवाडीची गंजिफा आणि माझी तीन पाने

मैत्रिणींनो, घरातली एखादी जुनी वस्तू कळकट दिसायला लागली आणि ती पुसून लख्ख करावी असे मनात आले, तर तो दिवस जाऊ द्या. दुसऱ्या दिवशीही तसेच वाटले तर कुणा जाणत्याला विचारा. हे मी अनुभवाने सांगते आहे. त्या अनुभवापायी मला कोल्हापूरहून सावंतवाडी गाठावी लागली आणि चाळिशीला टेकल्यावर कात्री, खळ आणि कुंचला हातात धरायला नव्याने शिकावे लागले.

माझ्या सासूबाईंचे माहेर सावंतवाडीचे. लग्नात त्यांच्या वडिलांनी त्यांना भांडीकुंडी दिली तशीच एक रंगवलेली लाकडी पेटीही दिली. सरकत्या झाकणाची, दोन वितींएवढी. तीत गंजिफांचा डाव. गंजिफा म्हणजे गोल पत्ते. तुमच्यापैकी पुष्कळजणींनी ते पाहिलेही नसतील. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग असतात आणि प्रत्येक रंगाची बारा पाने: एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा. सगळी मिळून १२०. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. चिन्हे मोजायची की पान कळले. एका आड एक अक्षर नाही, आकडा नाही. त्यामुळे लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीबाईसुद्धा हा खेळ खेळत.

सासूबाई आता ७४ वर्षांच्या आहेत. एका डोळ्याला काचबिंदू, दुसऱ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले. मामंजी होते तोवर सासूबाई, ते आणि नणंदबाई असा तिघांचा डाव बसायचा. ते गेल्यावर खेळ थांबला. पण दर दिवाळीला त्या पेटी काढतात, बारा-बारा पानांच्या दहा चवडी लावतात, मोजतात आणि परत ठेवतात. गेल्या वर्षी माझ्या लेकीने, ती दहा वर्षांची आहे, हट्ट धरला की आजी, मला शिकव. सासूबाई म्हणाल्या, "मे महिन्यात शिकवते. तवसर दिसात माका." तोवर दिसेल मला. असे त्या सहज बोलल्या, पण आम्ही सगळेच जरा गप्प झालो.

आणि मग दिवाळीच्या साफसफाईत मी ती पेटी उघडली.

पाने चिकट झाली होती. त्यांच्यावर धुळीचा थर बसला होता. घरात इंजेक्शनच्या वेळी लावायचे स्पिरिट होते. कापसाच्या बोळ्यावर घेतले आणि पहिले पान पुसले. बोळा तपकिरी झाला. मला वाटले, बघा किती मळ होता! मग स्पिरिटचा वास जावा म्हणून ओल्या फडक्याने पुसले, आणि मत्स्याच्या दुर्रीवरच्या दोन्ही माशांचे डोळे फडक्यावर आले. तरी मला कळले नाही. फडक्यालाच काही लागले असेल म्हणून दुसरे पान घेतले, परशुरामाची सत्ती. तिसरे घेतले. तिसऱ्यावर थांबले ती शहाणपणाने नव्हे, दारावरची बेल वाजली म्हणून. परत येऊन बघते तर तिसऱ्या पानावर मुकुट होता, धनुष्याचे टोक होते, आणि मधे चेहऱ्याच्या जागी नुसता लालसर डाग. तो रामाचा राजा होता.

सासूबाईंनी पेटी मागून घेतली. पाने मोजली. ११७ चांगली, तीन गेलेली. "हो डाव पुरो नाय आता," एवढेच म्हणाल्या आणि झाकण सरकवले. रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

रामाचा राजा जाण्यात काय मोठेसे, असे तुम्हाला वाटेल. पण गंजिफेत दिवसा डाव असेल तर ज्याच्या हातात रामाचा राजा, तो उतारी करतो. रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे, तो. म्हणजे मी जे पान पुसले, त्याच्याशिवाय दिवसाचा डाव सुरूच होत नाही. आणि सासूबाईंना रात्रीच्या दिव्यात आता पाने दिसत नाहीत.

नाताळच्या सुटीत मी लेकीला घेऊन सावंतवाडीला गेले. "तुम्हीही चला ना आई," म्हटले तर गुडघ्यांचे निमित्त सांगितले. सकाळच्या एस.टी.ने आजऱ्यावरून आंबोली. तिथे थंडीने हात खिशात घालावे लागतात. हिरण्यकेशी नदी उगम पावते ती इथेच. मग घाट उतरायला लागला की कानांत दडे बसतात, स्वेटर काढावा लागतो, आणि दाणोली येईपर्यंत माडाची पहिली झाडे दिसतात. रेल्वेने येणाऱ्यांसाठी कोकण रेल्वेचे सावंतवाडी रोड स्टेशन आहे, पण ते गावाबाहेर मळगावला आहे. तिथून रिक्षा करावी लागते हे लक्षात ठेवा. आम्ही उतरलो ती थेट मोती तलावाच्या काठावर. गावाच्या मधोमध एवढे मोठे तळे, एका अंगाला बाजार आणि दुसऱ्या अंगाला जांभ्या दगडाचा तांबूस राजवाडा. संध्याकाळी गावातली माणसे तळ्याभोवती फिरायला येतात. लेक म्हणाली, "आपल्या रंकाळ्यासारखंच आहे," आणि मला एकदम परके वाटेनासे झाले.

उतरलो होतो सासूबाईंच्या भाचेसुनेकडे. तिने पहिल्याच दिवशी चितार आळीत नेले. ही आळी म्हणजे सावंतवाडीची ओळख. दोन्ही बाजूंना लाकडी खेळण्यांची दुकाने. आंबा, केळी, वांगी, मिरची, सीताफळ, सगळे लाकडाचे आणि इतके हुबेहूब की लेकीने केळ्याचे साल शोधले. पांगाऱ्याचे लाकूड हलके, म्हणून फळांना ते वापरतात. गंजिफांचे संचही होते. किंमत विचारली आणि मी हातातली पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. किंमत जास्त नव्हे हो, १२० पाने एकेक करून हाताने रंगवायची म्हटल्यावर रास्तच होती. पण मला संच नकोच होता. मला तीन पाने हवी होती.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यात गेलो. हे गंजिफाचे काम आज डोळ्यांना दिसते त्याचे श्रेय शिवरामराजे भोसले आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांना आहे. १९७० च्या सुमारास ही कला जाणणारे पुंडलिक चितारी हे वयोवृद्ध कारागीर तेवढे उरले होते. राजेसाहेब आणि राणीसाहेब त्यांच्याकडून स्वतः शिकले, मग गावातल्या तरुण मुलामुलींना दरबारात बसवून शिकवले. सत्वशीलादेवी २०१८ मध्ये गेल्या. तोवर त्यांनी स्वतः कुंचला खाली ठेवला नव्हता असे गावात सांगतात. राणीने जमिनीवर बसून पत्ते रंगवावेत आणि शेजारी गावातल्या मुलींनी, हे चित्रच मला फार आवडले. खेळ तसा मूळचा बाहेरचा. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधल्या आपल्या स्नेह्याला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मोगलांच्या डावात ९६ पाने असत. आपल्याकडच्या लोकांनी त्यात दशावतार घातले आणि पाने १२० झाली. राजेरजवाड्यांसाठी हस्तिदंताची, कासवाच्या पाठीची पाने होत, त्यांना दरबार कलम म्हणत; सामान्यांसाठी कागदाची किंवा कापडाची, ती बाजार कलम. आमची बाजार कलमच.

दरबाराच्या मोठ्या दालनात दोन-तीन बायका बैठ्या मेजावर वाकून रंगवत होत्या. मी रुमालात बांधलेली माझी तीन गेलेली पाने आणि सोबत तीन चांगली पाने काढली. काय झाले ते सांगितले. सांगताना हसू यावे म्हणून जरा खेळकरपणे सांगितले, पण त्यांतल्या वयाने मोठ्या बाईंना हसू आले नाही. त्यांनी पान उजेडाकडे तिरके धरले आणि म्हणाल्या, "वर लाखेचं रोगण आहे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. रंग डिंकातला, तो पाण्यात विरघळतो. तुम्ही आधी झाकण काढलंत आणि मग आतलं सांडलंत."

इतके साधे होते ते. नुसते ओले फडके फिरवले असते तर बहुधा काही झाले नसते. नुसते स्पिरिट लावून थांबले असते तरी रंग कदाचित राहिला असता. एकामागोमाग दोन्ही केले म्हणून गेले.

मी विचारले, यांच्यावरच पुन्हा रंगवून देता का? त्यांनी मान हलवली. जुने आहे तसे ठेवा, कागदात गुंडाळून. नवी करायची तर नवी करा. आम्ही करून देऊ, पण एक लक्षात घ्या, असे म्हणून त्यांनी चांगले पान पालथे केले. "पाठ बघा आधी. तोंड सगळेच बघतात. पाठ जुळली नाही, जाडी जुळली नाही, तर समोरच्याला कळतं तुमच्या हातात कुठलं पान आहे. मग खेळ कसला?" आमच्या पानांची पाठ साधी, तांबडी. नव्या संचाचा तांबडा कुंकवासारखा, आमचा पन्नास-साठ वर्षांनी उतरून वाळलेल्या मिरचीसारखा झालेला. तो जुळवायला ११७ पाने डोळ्यांसमोर हवीत. "घरी बसून तुम्हीच केलंत तर जुळेल," त्या म्हणाल्या. मला वाटले कटवताहेत. पण त्यांनी मला आणि लेकीला शेजारी बसवून घेतले, आणि दोन दिवस जे जे विचारले ते सांगितले.

जाताना एक दुपार पिंगुळीला काढली. कुडाळपासून अगदी जवळ, वेंगुर्ल्याच्या रस्त्यावर. तिथल्या ठाकर मंडळींची चित्रकथी प्रसिद्ध आहे. परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री पुरस्कार मिळाला ते इथलेच. त्यांनी आपल्या गोठ्याचे संग्रहालय केले आहे. चित्रकथी म्हणजे रामायण-महाभारतातल्या एकेका प्रसंगाचे कागदावर काढलेले चित्र. एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. गाणारा एकेक चित्र पुढे करत कथा सांगतो. ती चित्रे मी इतर कुणी बघेल तशी बघितलीच नाहीत. मी बघितले की दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली आहेत, म्हणून कागद ताठ राहतो, आणि हाताळून कडा झिजल्या तरी मधला रंग शाबूत आहे. शिवाय डोळे. टपोरे, कानापर्यंत गेलेले, एका रेघेचे. माझ्या रामाला डोळे कसे काढायचे ते मला तिथे समजले.

आता घरी काय काय केले ते सांगते. तुम्हाला गंजिफा करायच्या नसतील, पण मुलांच्या वह्यांना पुठ्ठे, भेटकार्डे, रुखवतातल्या वस्तू हे सगळे आपण करतोच, आणि कागदाचे नियम सगळीकडे तेच.

पहिली खळ. चिंचोके तव्यावर साल तडकेपर्यंत भाजायचे, कुटून तपकिरी साल पाखडून टाकायचे, आतली पांढरी डाळ रात्रभर भिजवून वाटायची. ते वाटण गार पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत शिजवायचे. पिठल्यासारख्या गुठळ्या होऊ द्यायच्या नाहीत. पारदर्शक झाले की झाली खळ. ही मैद्याच्या खळीपेक्षा चिवट, आणि वाळल्यावर कागद कडक होतो. कीड लागू नये म्हणून बांधणीवाले खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असते हे विसरू नका. मी घातले, पण त्यासाठी जुने पातेले आणि चमचा कायमचे वेगळे काढले आणि वर लाल दोरा बांधून ठेवला.

मग कागद. जाडी कशी मोजायची? एक पान फूटपट्टीने मोजता येत नाही. म्हणून बारा पानांची चवड उभी केली, ती तेरा मिलिमीटर भरली. म्हणजे एक पान एक मिलिमीटरहून किंचित जाड. हिशेबाच्या जुन्या वहीच्या कोऱ्या कागदाचे आठ थर आणि वर खडूचा लेप, असा अंदाज बांधला. पहिला पुठ्ठा वाळून असा वळला की पन्हाळीसारखा झाला. कारण मला पुढे कळले. कारखान्यातल्या कागदाचे तंतू एका दिशेने गेलेले असतात. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने सहज वाकतो त्या दिशेने त्याचे तंतू. खळीने कागद फुगतो तो तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त. म्हणून सगळे थर एकाच दिशेने न लावता एक उभा, एक आडवा लावायचा आणि वाळेपर्यंत सपाट वजनाखाली ठेवायचा. मी पाट्याखाली ठेवला. हातकागदाला ही कटकट फारशी नाही. पुण्याला शिवाजीनगरात हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची, सुती चिंध्यांपासून कागद करते. पुढच्या खेपेला तिथला कागद आणणार आहे.

गोल कापणे हे मी दुसरीतल्या मुलांना शिकवते, म्हणून मला वाटले हे तरी येते. कंपासने वर्तुळ आखले आणि रामाच्या पोटात भोक पडले! लेप देऊनही ते दिसतच राहिले. मग घरातल्या सगळ्या डब्यांची झाकणे पानावर ठेवून पाहिली. हिंगाच्या डबीचे झाकण तंतोतंत बसले. त्याच्याभोवती पेन्सिल फिरवली. कापताना कात्री फिरवायची नाही, कात्री एका जागी ठेवून पान फिरवायचे, म्हणजे कोपरे पडत नाहीत. आणि पुठ्ठा आतून पुरता वाळल्याशिवाय, म्हणजे चांगले तीन दिवस, कात्री लावायची नाही; नाहीतर थर सरकतात. कड पॉलिश पेपरने गोल घासायची.

त्यावर खडूचा लेप. खडूची पूड आणि डिंकाचे पाणी, ताकाएवढे पातळ. एकच जाड थर देण्यापेक्षा चार पातळ द्या. डिंक कमी पडला तर बोटाला पांढरे लागते, जास्त झाला तर वाळताना तडे जातात. माझे पहिले दोन्ही प्रकारे बिघडले. मग घोटाई. पूर्वी अकीकाच्या गोट्याने कागद घोटत. माझ्याकडे पंचगंगेतला एक गुळगुळीत काळा गोटा होता, लेकीने लहानपणी उचललेला. पान गुळगुळीत पाटावर ठेवून गोलगोल घोटत बसले. टी.व्ही. बघता बघता हे काम छान होते. पान शंखासारखे गुळगुळीत होते, आणि मग कुंचला अडकत नाही.

रंग मात्र विचार करून घ्या. जुने चितारी हरताळ, हिंगूळ वापरत. हरताळात सोमल असतो, हिंगुळात पारा. लहान मुलांच्या घरात ही हौस नको. माझ्याकडे शाळेसाठी घेतलेले पोस्टर कलर होते, तेही डिंकातलेच. तांबडा, थोडा गेरू, अगदी सुईच्या टोकाएवढा काळा. ओला असताना रंग अगदी जुळला. वाळला आणि फिका पडला. गडद केला. त्यावर रोगण दिले तर तो काळपट तांबडा झाला, कारण लाखेला स्वतःचा पिवळसर रंग असतो. शेवटी एका पट्टीवर अकरा तांबडे लावले, निम्म्या पट्टीवर रोगण फिरवले आणि ती पट्टी जुन्या पानांशेजारी खिडकीत धरली. सातवा जुळला. आमचे हे ऑफिसला जाताना म्हणाले, "मला सगळे सारखेच दिसतात." पुरुषांना साडीच्या दुकानातही तसेच दिसते.

मासे जमले. परशू तर सोपेच. राम राहिला. मुकुट, हार, धनुष्य सगळे झाल्यावर काळ्या रेघा शेवटी काढायच्या, कारण रेघांनीच चित्र उठून दिसते. माझा हात कापत होता, म्हणून मी लेकीच्या दप्तरातला न पुसला जाणारा काळा मार्कर घेतला. रेघ सुंदर आली. डोळे तर पिंगुळीचे. आनंदाने रोगण लावायला घेतले, आणि कुंचल्याच्या एका फटकाऱ्यासरशी रामाचे डोळे गालावर ओघळले. मार्करची शाई स्पिरिटमध्ये विरघळते! दुसऱ्यांदा तीच चूक. राजवाड्यातल्या बाईंचे शब्द मी वहीत लिहून आणले होते, पण कामाच्या वेळी वही उघडली कुणी?

मग शाई घरीच केली. काजळ धरतो तसे तिळाच्या तेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी धरून काजळी जमवली, बाभळीचा डिंक भिजवून घातला आणि खलात घोटली. किती वेळ? आधी तेलकटपणामुळे काजळी पाण्यावर तरंगते, डिंकात मिसळतच नाही. दोन दिवस सवड मिळेल तशी घोटली तेव्हा ती कुंचल्याला धरू लागली. ही शाई पाण्याने फिसकटते, पण स्पिरिटला दाद देत नाही. बारीक रेघेला शून्य नंबरचा कुंचला, करंगळी पानावर टेकलेली, आणि श्वास रोखून. कुंचला वापरून झाल्यावर पाण्यात उभा ठेवू नका, केस वाकतात; धुऊन, टोक करून, दांडा खाली घालून पेल्यात ठेवा.

रोगण करायला सोपे. चपडा लाख सुताराच्या दुकानात मिळते. ती स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घालायची आणि सकाळी फडक्यातून गाळायची. पण गॅसजवळ हे काम अजिबात नको, आणि खिडक्या उघड्या ठेवा. कुंचला एकदा फिरवला तिथे परत फिरवायचा नाही. पावसाळी हवेत रोगणावर पांढुरकी झाक येते, म्हणून हे काम उन्हाच्या दिवसांतच उरकावे. मी मार्चमध्ये केले.

तीन पाने झाली. मी ती न सांगता चवडींत घातली आणि पेटी जागेवर ठेवली.

मे महिन्यात नणंदबाई आल्या. दुपारी जेवणे झाल्यावर सासूबाईंनी स्वतःच चटई घातली, खिडकीकडे पाठ करून बसल्या, म्हणजे उजेड पानांवर पडावा. आधी मोजायला घेतली. बारा, बारा, बारा. परशुरामाच्या चवडीला बोटे थांबली, पुढे गेली. रामाच्या चवडीला पुन्हा थांबली. त्यांनी ते पान वर काढले, डोळ्यांजवळ नेले, मग डोळ्यांपासून दूर नेले. पालथे केले. अंगठा कडेवरून फिरवला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

"जाड झालो हो," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "डोळे पिंगुळीचे काढलंस. आमच्या राजाचे इतके मोठे नव्हते."

आणि पान चवडीत घालून त्यांनी पिसायला सुरुवात केली. गंजिफा पिसतात त्या चटईवर पसरून, दोन्ही तळव्यांनी गोलगोल फिरवून, जात्यावर दळल्यासारख्या. मग लेकीला चाळीस, नणंदबाईंना चाळीस, स्वतःला चाळीस. लेकीच्या इवल्या हातांत पाने मावेनात, तिने ती परातीत मांडून घेतली. "रामाचो राजा कोणाकडे?" सासूबाईंनी विचारले, आणि लेकीने परातीतून तो उचलून चटईवर ठेवला.

त्या मे महिन्यात रोज दुपारी डाव बसला. आता लेकीला सासूबाईंपेक्षा पाने जास्त लक्षात राहतात. पण एक अडचण आहे. रामाचा राजा कुणाकडे आहे हे सासूबाईंना वाटतानाच कळते, बोटांना तो जाड लागतो म्हणून, आणि त्या तसे कबूलही करतात. मी पुन्हा मोजून पाहिले, लेप थोडा जास्त झाला आहे. म्हणून या खेपेला सात थरच घेतले आहेत. पुठ्ठा कालपासून पाट्याखाली आहे.